हृदयाची घरची अफू

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक नेमका किती वाजता आला, हे कोणी घड्याळात पाहिलं नाही. रात्री दीड ते अडीचच्या मधे कधीतरी आला, एवढंच. कुठूनतरी मोजायला हवं, म्हणून इथे पहाटेचे दोन हा शून्य तास धरला आहे. त्या दिवशी त्यांनी काय खाल्लं, किती खेळले, कोणाच्या फोनवर चिडले, याची नोंद फार बारकाईने राहिली. आत हृदयात काय चाललं होतं ते मात्र तेव्हा कोणालाच कळण्याजोगं नव्हतं. ते पुढच्या चाळीसेक वर्षांत कुत्र्यांच्या आणि उंदरांच्या हृदयांवरून थोडं थोडं उलगडत गेलं. त्या कामाच्या आधाराने तो दिवस पुन्हा वाचता येतो.

उरले २१ तास. शुक्रवार, २३ सप्टेंबर १९५५, पहाटे पाच

कोलोरॅडोच्या डोंगरात फ्रेझर नावाचं गाव आहे. तिथल्या एका मित्राच्या रँचवर राष्ट्राध्यक्ष मासेमारीला आले होते. सुट्टीचा हा शेवटचा टप्पा. पहाटे उठून त्यांनी सोबतच्या मंडळींसाठी स्वतः नाश्ता रांधला. स्वयंपाकाची त्यांना हौस होती. वय ६४, तीन आठवड्यांनी ६५ पूर्ण होणार. सैन्यात असताना दिवसाला चार पाकिटं सिगारेट ओढायचे. १९४९ मध्ये ती एका झटक्यात सोडली. पण रक्तवाहिनीच्या भिंतीत इतकी वर्षं जे साचलं ते सिगारेटबरोबर सुटत नाही.

त्यांच्या हृदयाच्या स्नायूत त्या पहाटेही एक गोष्ट तयार होत होती, जिला तेव्हा नाव नव्हतं. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून दोन चिमुकले रेणू वेगळे काढले. फक्त पाच-पाच अमिनो आम्लांचे, पण वागणूक मॉर्फिनची. त्यांना एन्केफॅलिन म्हणतात. शरीर स्वतःच अफूसारखं काही बनवतं याचा तो पहिला ठोस पुरावा. लोकांनी साहजिकच त्याचा संबंध मेंदूशी आणि वेदनेशी लावला. मग १९८६ मध्ये उंदरांच्या ऊतींमध्ये एन्केफॅलिन बनवायचा जनुकीय निरोप कुठे किती आहे ते मोजलं गेलं, आणि तो हृदयाच्या जवनिकांमध्ये, म्हणजे रक्त पंप करणाऱ्या कप्प्यांमध्ये, मेंदूपेक्षाही जास्त निघाला. दिवसरात्र रक्त पंप करणाऱ्या स्नायूला वेदनाशामक कशाला हवं? या प्रश्नाचं उत्तर मिळायला आणखी नऊ वर्षं लागली.

उरले १५ तास. सकाळी अकरा

फ्रेझरहून डेन्व्हर. आधी लोरी हवाई तळावरच्या कार्यालयात थोडं काम, मग चेरी हिल्स क्लबवर गोल्फ. मूड उत्तम होता. तो फोनने घालवला. परराष्ट्रमंत्री डलेस यांचा वॉशिंग्टनहून निरोप आला म्हणून राष्ट्राध्यक्ष खेळ सोडून क्लबहाऊसवर परतले, तर लाइनमध्ये घोटाळा. पुन्हा मैदानावर गेले, पुन्हा बोलावणं. एकदा तर असं झालं की बोलणं आधीच उरकलेलं होतं आणि ऑपरेटरला त्याचा पत्ताच नव्हता. आयझेनहॉवर यांचा राग प्रसिद्ध होता, त्यांच्या डॉक्टरांना तर त्याची धास्तीच असे. कपाळावरच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या, असं त्यांच्या डॉक्टरांनी नंतर नोंदवलं.

रागाच्या वेळी मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. नाडी चढते, दाब चढतो, हृदयाची ऑक्सिजनची मागणी वाढते. हे १९५५ मध्येही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की ज्या सूक्ष्म पिशव्यांत ॲड्रेनलिन साठवलेलं असतं त्यांच्यातच एन्केफॅलिनही असतं, आणि पिशवी फुटली की दोन्ही एकदमच बाहेर पडतात. हृदयाला पळवणारं आणि हृदयाला सांभाळणारं एकाच पुडीत. हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मजेशीर कलम वाटतं.

उरले ११ तास. दुपारी तीनच्या आसपास

अठरा होल झाले. जेवणात हॅम्बर्गर, आत कच्च्या कांद्याच्या जाड चकत्या. मग आणखी नऊ होल खेळायला घेतले आणि छातीत, पोटात जळजळू लागलं. सोबतच्या गोल्फ प्रशिक्षकाला ते म्हणाले की कांदा बाधलेला दिसतोय.

आपल्याकडे हेच वाक्य कांदाभजी किंवा मिसळीच्या नावाने रोज बोललं जातं. ‘ॲसिडिटी झालीय’ म्हणत सोडा प्यायचा, ओवा चावायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. बहुतेक वेळा ती ॲसिडिटीच असते, आणि पंचाईत नेमकी तीच आहे.

ती दुपारची जळजळ खरंच कांद्याची होती की हृदयाची पहिली तक्रार, हे आज कोणीही छातीठोक सांगू शकणार नाही. पण घटकाभर धरून चालू की ती हृदयाचीच होती. हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी अरुंद झालेली, वर खेळाचा श्रम, वर राग, आणि स्नायूच्या एका भागाला काही मिनिटं रक्त कमी पडलं. मग आराम मिळाला, रक्त पुन्हा आलं. अशा छोट्या उपासमारीचं हृदयावर काय होतं?

सगळ्यांचा समज होता की नुकसानच होत असणार, थोडं थोडं साठत जाणारं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात चार्ल्स मरी, रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांनी हे कुत्र्यांवर तपासलं. हृदयाची एक रोहिणी पाच मिनिटं बांधली, पाच मिनिटं सोडली. असं चार वेळा केलं. मग तीच रोहिणी सलग ४० मिनिटं बांधून ठेवली. समज खरा असता तर या कुत्र्यांच्या हृदयांचा जास्त भाग मेला असता. प्रत्यक्षात त्यांचा मेलेला भाग, एकदम ४० मिनिटं बांधलेल्या कुत्र्यांच्या मेलेल्या भागाच्या जेमतेम चौथा हिस्सा भरला. चार छोट्या उपासांनी हृदय मोठ्या उपासाला तयार झालं होतं. याला प्रीकंडिशनिंग म्हणतात. आपण पूर्वतयारी म्हणू.

ही तयारी करतं कोण? १९९५ मध्ये मिल्वॉकीच्या मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमध्ये जो एल शुल्ट्झ आणि गॅरेट ग्रॉस यांच्या गटाने उंदरांना नॅलॉक्सोन दिलं. हेरॉइन किंवा मॉर्फिन जास्त झालेल्या माणसाला शुद्धीवर आणायला जे औषध देतात, तेच. ते अफूच्या रिसेप्टरांवर, म्हणजे पेशीवर अफूचे रेणू जिथे चिकटतात त्या जागांवर, जाऊन बसतं आणि बाकी कोणाला बसू देत नाही. या उंदरांना बाहेरून कुठलीही अफू दिलेली नव्हती. तरीही नॅलॉक्सोन दिल्यावर पूर्वतयारीचा फायदा गेला. अडवायला कोणी नसतं तर अडवून फरक पडला नसता. म्हणजे त्या छोट्या उपासांत हृदयापाशी घरचीच अफू सुटत होती आणि तीच स्नायूला सांभाळत होती. पुढच्याच वर्षी याच गटाने उलट बाजू दाखवली: उपास न घडवता नुसतं मॉर्फिन आधी दिलं, तरी तसंच संरक्षण मिळतं. हे काम मुख्यतः डेल्टा नावाच्या रिसेप्टरकडून होतं, हेही तिथेच कळलं.

माणसांत? १९९९ मध्ये इटालियन डॉक्टरांनी अँजिओप्लास्टीच्या टेबलावर ते पाहिलं. फुगा रोहिणीत फुगवला की तेवढा वेळ पुढचं रक्त थांबतं. दुसऱ्यांदा फुगवला की हृदय पहिल्यापेक्षा कमी तक्रार करतं, हे आधीपासून माहीत होतं. ज्यांना नॅलॉक्सोन दिलं त्यांच्यात ही सवय लागलीच नाही.

उरले ४ तास. रात्री दहा

संध्याकाळ सासूबाईंच्या घरी, लाफायेट स्ट्रीटवर. मित्र जॉर्ज ॲलन आणि त्यांची पत्नी पाहुणे होते. राष्ट्राध्यक्षांनी मद्य नको म्हटलं. जेवले आणि दहाच्या सुमारास झोपायला गेले.

मला या घटनाक्रमातला हाच तास सर्वांत वाईट वाटतो, आणि त्यात काहीही घडत नाही.

पूर्वतयारीचा फायदा कायम टिकत नाही. छोट्या उपासानंतर लगेच तो भरपूर असतो आणि तास-दोन तासांत उतरतो. पण तो पुन्हा येतो. १९९३ मध्ये ओसाकातल्या संशोधकांनी कुत्र्यांना छोटे उपास घडवले आणि मग वेगवेगळ्या अंतराने मोठा आघात केला: लगेच, ३ तासांनी, १२ तासांनी, २४ तासांनी. लगेचच्या गटात संरक्षण मिळालं. २४ तासांच्या गटातही मिळालं. ३ आणि १२ तासांच्या गटांत काहीच नाही. पहिल्या फेरीत हाताशी असलेल्या रेणूंवर भागतं. दुसऱ्या फेरीसाठी पेशीला नवी प्रथिनं घडवावी लागतात, त्याला वेळ लागतो. ग्रॉस यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं की डेल्टा रिसेप्टरला चेतवणारं औषध एकदा दिलं, तर तेवढ्यावर ही दुसरी फेरीही येते आणि दोन दिवसांपर्यंत राहते.

आता डेन्व्हरचं गणित मांडून बघा. दुपारी तीनची जळजळ हृदयाची असेल, तर पहिली फेरी पाचपर्यंत ओसरली. दुसरी शनिवारी दुपारी कधीतरी आली असती. रोहिणी बंद झाली ती अकरा तासांनी, दोन फेऱ्यांच्या बरोबर मधल्या उघड्या पट्ट्यात. कुत्र्यांचे तास माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे मान्य. पण माणसांमधल्या अभ्यासांतही असंच दिसलं आहे की ज्यांना अटॅकच्या आधी थोडाच काळ छातीत दुखून गेलेलं असतं, त्यांचा अटॅक बऱ्याचदा लहान निघतो. पेशंट वयस्क किंवा मधुमेही असेल तर हा फायदा पुसट होतो. आपल्या देशाने या ओळीपाशी थोडं थांबायला हवं.

शून्य तास. शनिवार, पहाटे दोन

रोहिणीच्या भिंतीतला मेदाचा थर फाटतो, त्यावर गुठळी धरते, प्रवाह थांबतो. नंतरच्या ईसीजीवरून इजा डाव्या जवनिकेच्या पुढच्या आणि बाजूच्या भिंतीला झाल्याचं दिसलं.

पहिल्या मिनिटाच्या आतच तो भाग आकुंचन पावणं थांबवतो. तो मेलेला नसतो, काम बंद करून साठा वाचवत असतो. वीसेक मिनिटांनंतर पेशी कायमच्या मरू लागतात. सुरुवात आतल्या थरापासून होते, कारण रोहिण्या हृदयाच्या बाहेरच्या अंगाला असतात आणि आतला थर हा कालव्याच्या टेलचा शेतकरी: पाणी कमी झालं की पहिला तो कोरडा. तिथून मरण बाहेर सरकत जातं. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये कुत्र्यांत ही लाट मोजली होती. ४० मिनिटांत भिंतीचा ३८ टक्के भाग मेलेला, ३ तासांत ५७ टक्के, ६ तासांत ७१.

याच वेळी घरची अफू सुटते. काही हृदयाच्या स्नायूतून, काही मज्जातंतूंच्या टोकांतून, काही अधिवृक्क ग्रंथींतून. रेणू डेल्टा रिसेप्टरला चिकटतो. आतल्या बाजूला एक प्रथिन सुटतं, ते काही एन्झाइमांना जागं करतं, आणि तो निरोप मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोचतो, जिथे पेशीची ऊर्जा बनते. तिथे पोटॅशियमची दारं उघडतात. पण या सगळ्या खटाटोपाचा मुख्य फायदा वेगळ्याच एका दाराशी आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणात एक मोठं छिद्र असतं. ते उघडं राहिलं तर मायटोकॉन्ड्रिया फुगून फुटतात आणि पेशी संपते. उपाशी स्नायूत रक्त परत येतं, त्या पहिल्या काही मिनिटांत हे छिद्र उघडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. अफूचा निरोप ते मिटलेलं ठेवायला मदत करतो.

म्हणून रक्त परत येणार असेल तरच या मेहनतीचं चीज होतं. मरी यांच्या प्रयोगात ४० मिनिटांऐवजी रोहिणी ३ तास बांधली तेव्हा पूर्वतयारी केलेली आणि न केलेली हृदयं सारखीच मेली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातही पेशींचं मरण टळतं असा दावा नाही, लांबतं एवढाच आहे. घरची अफू वेळ काढून देते. पुढचं काम दुसऱ्या कोणीतरी करायचं असतं.

१ तास उलटला. पहाटे तीन

पत्नी मेमी आयझेनहॉवर यांनी आधी मिल्क ऑफ मॅग्नेशिया दिलं, पोट बिघडलं असेल म्हणून. मग डॉक्टरांना फोन केला. राष्ट्राध्यक्षांचे खासगी डॉक्टर हॉवर्ड स्नायडर तीनच्या सुमारास पोचले. वय ७४.

त्यांच्या स्वतःच्या टिपणानुसार त्यांनी अमिल नायट्राइट हुंगायला दिलं, पपॅव्हरिन टोचलं, मग पाव ग्रेन मॉर्फिन, म्हणजे सुमारे १५ मिलिग्रॅम, आणि पाऊण तासाने पुन्हा तेवढंच. इतिहासकार क्लॅरेन्स लॅस्बी यांनी १९९७ च्या पुस्तकात याला हरकत घेतली आहे. त्यांच्या मते स्नायडर यांनी तेव्हा पोटाचाच विकार धरला होता आणि हृदयाच्या निदानाची कथा मागाहून रचली. कागद वाचून मलाही लॅस्बींची बाजू जड वाटते: अटॅक ओळखलेला डॉक्टर दहा तास ईसीजीशिवाय काढत नाही.

टिपण खरं धरलं तर त्या खोलीत दोन अफू होत्या, एक सुईतली आणि एक हृदयातली. वेदना मारणारं काम मुख्यतः म्यू नावाच्या रिसेप्टरवर होतं. मॉर्फिनची ओढ तिकडे असते. स्नायूला सांभाळणारं काम डेल्टावर, तिथे मॉर्फिन बसतं पण हौसेने नाही. दुखणं थांबलं म्हणजे हृदय सुरक्षित झालं, असा अर्थ त्यामुळे निघत नाही. आज तर मॉर्फिनबद्दल हृदयरोगतज्ज्ञ जास्तच सावध झाले आहेत. ते पोटाची हालचाल मंदावतं आणि गुठळी रोखणाऱ्या गोळ्या रक्तात उशिरा उतरतात.

३ ते १० तास. पहाटे पाच ते दुपारी बारा

पहाटे दाब घसरला, अंगाला थंड घाम सुटला. स्नायडर यांनी मेमींना नवऱ्याशेजारी झोपून ऊब द्यायला सांगितलं. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष झोपले ते जवळजवळ दुपारपर्यंत. सकाळी वार्ताहरांना कळवलं गेलं की रात्री पचनाची तक्रार झाली होती.

या सात तासांत त्या भिंतीतली लाट बाहेरपर्यंत पोचून थांबली असणार. स्नायडर यांना दोष देताना एक गोष्ट विसरता कामा नये: १९५५ मध्ये बंद रोहिणी उघडण्याचा रूढ इलाज नव्हता. झ्यूरिखमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी माणसाच्या हृदयात पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी केली ती १९७७ मध्ये. हृदयाने मिळवलेल्या वेळाचं सोनं करणारं तेव्हा कोणी नव्हतंच.

आपल्याकडे आज तो इलाज आहे, तरी हा वेळ वाया जातो. भारतातल्या ८९ केंद्रांमधल्या २०,४६८ पेशंटांचा क्रिएट अभ्यास २००८ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. मोठा अटॅक आलेला पेशंट दुखू लागल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटं होता. सहा तास. कुत्र्यांच्या हिशेबाने ७१ टक्के. अभ्यासातल्या पेशंटांपैकी सुमारे ३० टक्के मधुमेही होते, म्हणजे ज्यांचं घरचं संरक्षण आधीच लंगडं, असे.

११ तास. दुपारी एक

फिट्झसिमन्स लष्करी रुग्णालयातून ईसीजी यंत्र आलं. कागदावर निदान स्वच्छ होतं. राष्ट्राध्यक्षांना आधार देऊन चालतच जिना उतरवलं आणि मोटारीने रुग्णालयात नेलं. अडीचच्या सुमारास जगाला खरी बातमी कळली. रविवारी बोस्टनहून हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट आले आणि सोमवारी त्यांनी पत्रकारांना हार्ट अटॅक म्हणजे काय ते समजावलं, थेट राष्ट्राध्यक्षांना शौचाला साफ झाली इथपर्यंत. त्याच सोमवारी डाउ जोन्स निर्देशांक साडेसहा टक्के कोसळला आणि बाजारातले सुमारे १४ अब्ज डॉलर गेले.

त्यानंतर

आयझेनहॉवर सात आठवड्यांनी रुग्णालयातून बाहेर आले आणि १९५६ ची निवडणूक जिंकले.

घरची अफू बाहेरून चेतवायचे प्रयत्न पुष्कळ झाले. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून पाच मिनिटं आवळायचा, पाच मिनिटं सोडायचा. हाताचा उपास, तयारी हृदयाची. प्राण्यांत दूरच्या अवयवाच्या उपासाचा हा फायदाही नॅलॉक्सोनने पुसला जातो असं दिसलं होतं. डेन्मार्कमध्ये रुग्णवाहिकेत असा पट्टा बांधून २०१० मध्ये आशादायक निकाल आले. मग ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन आणि सर्बियात मिळून पाच हजारांवर पेशंटांवर मोठी चाचणी झाली. २०१९ च्या निकालात पट्टा बांधलेल्यांत आणि न बांधलेल्यांत काही फरक नव्हता. उंदीर तरुण असतात, निरोगी असतात, आणि त्यांची रोहिणी कधी बांधायची हे आपल्या हातात असतं. दवाखान्यात येणारा माणूस साठीचा असतो, दहा औषधांवर असतो. त्यातली काही औषधं याच वाटांवर आधीच काम करत असतील, किंवा लवकर उघडलेल्या रोहिणीनंतर वाचवायला फारसं उरतही नसेल. या क्षेत्रातले लोक अजून यावर भांडत आहेत.

आयझेनहॉवर २८ मार्च १९६९ ला वॉल्टर रीड रुग्णालयात गेले, त्याआधी आणखी अटॅक येऊन गेले होते. शवविच्छेदनात १९५५ च्या व्रणाच्या जागी फुगवटा सापडला, आणि अधिवृक्क ग्रंथीत एक लहानशी गाठ, फिओक्रोमोसायटोमा. ॲड्रेनलिनच्या कुळातली रसायनं भलभलत्या वेळी सोडणारी ही गाठ जिवंतपणी कोणाच्या लक्षात आली नव्हती. तो राग, त्या फुगलेल्या शिरा, चढणारा दाब यांत तिचा वाटा असावा, असं २००७ मध्ये काही डॉक्टरांनी लिहिलं. अशा गाठींत एन्केफॅलिनही असतं. या गाठीत ते किती होतं हे तपासायचं कोणाच्या मनातही आलं नसतं. ॲबर्डीनला डुकरांचे मेंदू वाटले जायला अजून सहा वर्षं होती.